कमी दिसणाऱ्यांसाठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर: मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच घरात

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे याच अडचणीत असलेल्या इतरांनाही उत्तर लागू पडेल. तुमचे बाबा ७२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, इंदुरात सुदामा नगरात राहतात. वयामुळे मॅक्युला, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग, खराब झाल्याने दोन्ही डोळ्यांत नेमका मधोमध धूसर डाग आहे. लॅपटॉपवर अक्षर मोठं करून थोडा वेळ वाचतात, मग डोकं जड होतं आणि उठून जातात. मराठी बातम्या, बँकेची हिंदी-इंग्रजी पत्रं, पुण्याच्या नातलगांचे मेल, सगळं त्यांना स्वतः वाचायचं आहे. कुणीतरी घरी येऊन स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवून दिला. तो सुरू झाल्यापासून अखंड बोलत राहिला, बाबा वैतागले, आणि तेव्हापासून ते लॅपटॉपला हातच लावत नाहीत. तुम्ही विचारता की हवं तेव्हाच वाचेल असं काही मिळतं का, मराठी मराठीसारखं ऐकू येईल का, आणि किती खर्च करावा लागेल.

मिळतं. मराठी चांगलं ऐकू येईल, पण त्यासाठी आवाज नीट निवडावा लागेल. सॉफ्टवेअरवर खर्च आत्ता एक रुपयाही करू नका. तिन्हींची कारणं सविस्तर सांगतो. इंदुरात कमी दिसणाऱ्यांना संगणक शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि तुमच्या बाबांसारखी माणसं या कामात सगळ्यांत जास्त भेटतात. त्यांच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं.

मूळ गोंधळ असा आहे. अजिबात न दिसणारा माणूस आणि कमी दिसणारा माणूस यांना एकच औषध दिलं जातं. ज्याला काहीच दिसत नाही त्याला पडद्यावर काय काय आहे, आपण कुठे आहोत, कुठलं बटण हाताशी आहे, हे सगळं कानानेच कळायला हवं. म्हणून स्क्रीन रीडर सतत बोलतो, आणि त्याने बोललंच पाहिजे. तुमच्या बाबांना मात्र बटण दिसतं, चित्र दिसतं, मेल कुठे आहे ते दिसतं. त्यांना जमत नाही ती एकच गोष्ट, ओळीमागून ओळ वाचत जाणं. त्यांना दिसतच असलेली गोष्ट कुणी कानात सांगत बसलं तर ती मदत राहत नाही, त्रास होतो. बाबांनी लॅपटॉप बंद केला तो त्रासामुळे. त्यांना ‘नवीन गोष्टी नको असतात’ असा अर्थ घरात कुणी काढू नये.

तेव्हा कामाची वाटणी अशी करायची: शोधणं डोळ्यांकडे, वाचणं कानांकडे. मेल कुठला उघडायचा, बातमी कुठली वाचायची, हे ते डोळ्यांनी ठरवतील. उघडल्यावर मजकूर मशीन वाचेल. पुढचं सगळं उत्तर याच एका वाटणीवर उभं आहे.

नुसतं अक्षर मोठं करणं पुरत नाही, याचं कारण साध्या गणितात आहे. पडदा चौपट मोठा केला की रुंदीचा एक चतुर्थांश आणि उंचीचा एक चतुर्थांश उरतो, म्हणजे एका वेळी पानाचा सोळावा भाग समोर असतो. एक ओळ वाचायला माऊस उजवीकडे न्यायचा, मग परत डावीकडे येऊन पुढची ओळ शोधायची. त्यात मधोमध डाग असल्यामुळे बाबा नजर थोडी बाजूला वळवून, डागाच्या कडेने अक्षर पकडत असणार. या आजारात माणसं हे आपोआप शिकतात, आणि ती चांगली सवय आहे. पण त्या नजरेने चार शब्द पकडता येतात, चार परिच्छेद नाही. डोकं जड होतं ते यामुळे. शब्द ओळखण्यातच सगळी शक्ती जाते, अर्थाकडे लक्ष द्यायला काही उरत नाही.

(काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा असलेल्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांची कडेची नजर जाते, मधली राहते. त्यांना अक्षर फार मोठं केलं तर ते नळीतून बघितल्यासारखे हरवतात. त्यांनी अक्षर बेताचंच ठेवावं, माऊसचा बाण मात्र मोठा आणि गडद रंगाचा करावा. मधुमेहामुळे डोळ्यातल्या पडद्यावर परिणाम झालेल्यांची नजर सकाळी एक आणि संध्याकाळी एक असू शकते, त्यांना बोलणारा आवाज विशेष उपयोगी, कारण तो दिवसभर सारखाच राहतो.)

आता करायचं काय ते.

पहिली गोष्ट लॅपटॉपमध्ये आधीपासून आहे. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकदम दाबलं की मॅग्निफायर, म्हणजे पडदा मोठा करून दाखवणारं साधन, सुरू होतो, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद होतो. बहुतेकांना इतकंच माहीत असतं. पण विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये हाच मॅग्निफायर वाचूनही दाखवतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं की वाचन सुरू, पुन्हा दाबलं की थांबतं. आणि कंट्रोल-ऑल्ट धरून माऊसचं डावं बटण मजकुरावर दाबलं की तिथपासून वाचायला लागतो. ही दुसरी युक्ती बाबांना आधी दाखवा. डोळ्यांनी जागा शोधली, बोट दाबलं, कान लावला. न विचारता तो एक शब्दही बोलत नाही. मॅग्निफायरच्या पट्टीवर दातेरी चाकाचं चिन्ह आहे, तिथे आवाज आणि वेग बदलता येतो.

दुसरी गोष्ट मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझर. तुमच्या घरासाठी मला हीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कुठलंही पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबा, रीड अलाउड सुरू होईल. वर पट्टी येते, त्यात आवाजाचे पर्याय उघडा. मराठीसाठी दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. हिंदीसाठी स्वरा आणि मधुर. हे यंत्राचे आवाज असले तरी माणसाच्या बोलण्याच्या जवळ जातात, वाक्याच्या शेवटी उतरतात, स्वल्पविरामाला थांबतात. वाचत असलेला शब्द पडद्यावर रंगाने उजळतो, त्यामुळे अधूनमधून डोळे लावले तरी आपण कुठे आहोत ते सापडतं. बातम्यांच्या पानांवर जाहिरातींची गर्दी असते, आणि ती आवाजाच्याही मध्ये येते. त्यासाठी एफ ९ दाबून इमर्सिव्ह रीडर उघडा. तो बहुतेक लेखांवर चालतो, आजूबाजूचं सगळं काढून टाकून नुसता मजकूर मोठ्या अक्षरात देतो. पीडीएफसुद्धा एजमध्येच उघडा, तिथेही वाचन चालतं.

एक सावधगिरी. आरोही आणि मनोहर हे आवाज इंटरनेटवरच्या सर्व्हरवर तयार होतात. म्हणजे नेट गेलं की ते गप्प, आणि वाचायचा मजकूर घराबाहेर जातो. बातम्या, लेख, कवितांसाठी काहीच हरकत नाही. बँकेचं स्टेटमेंट, आयकराचे कागद, डॉक्टरांचे अहवाल यांसाठी मात्र लॅपटॉपमध्येच बसवलेला आवाज वापरा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत हिंदी जोडून तिचा वाचन-आवाज उतरवून घेतला की हेमंत आणि कल्पना हे दोन आवाज मिळतात. इंग्रजीचे आधीच असतात. हे नेटशिवाय चालतात, आणि मॅग्निफायरही हेच वापरतो.

आता मराठीचा प्रश्न. इंदूरच्या मराठी घरांत तो पुण्या-मुंबईपेक्षा जास्त बोचतो, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे रोज तीन भाषा पडद्यावर येतात, आणि त्यातल्या दोन एकाच लिपीत. बडोद्याच्या मराठी माणसाला मराठी देवनागरीत आणि गुजराती गुजराती लिपीत दिसते, मशीनला नुसतं अक्षर बघून कळतं की भाषा बदलली. आपल्याकडे महापालिकेची नोटीस देवनागरीत आणि आत्याचा मेलही देवनागरीत. अक्षरावरून मशीनला काही कळत नाही. वेबपान बनवणाऱ्याने ‘हे पान मराठी आहे’ अशी खूण आत घातलेली असेल तर स्क्रीन रीडर स्वतः आवाज बदलू शकतो, पण ही खूण पुष्कळ पानांवर नसते, किंवा चुकीची असते. त्यामुळे आवाज हाताने बदलायची सवय लावणं हाच खात्रीचा मार्ग.

आणि बदलायलाच हवा, कारण हिंदी आवाजात मराठी ऐकणं थकवणारं आहे. हिंदी आवाज ‘ज्ञ’ चा ‘ग्य’ करतो. ‘ळ’ चा बहुधा ‘ल’ करतो. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतल्या ऱ वर अनेकदा अडखळतो. ‘केलं’, ‘झालं’, ‘घरं’ यांतला अनुस्वार आपण नाकात उच्चारत नाही, हिंदी आवाज तो नाकात उच्चारतो, आणि बोलीच्या वळणाने लिहिलेलं मराठी तर अशा अनुस्वारांनी भरलेलं असतं. सगळ्यांत अवघड च, ज आणि झ. मराठीत या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दाखवत नाहीत. ‘चार चाकं’ म्हणून बघा: पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. तो फरक अक्षरात नाही, मराठी बोलणाऱ्याच्या डोक्यात आहे. चांगल्या मराठी आवाजाला तो शिकवलेला असतो, हिंदी आवाजाला असायचं कारणच नाही.

मी कुठलाही नवा आवाज एका वाक्यावर तपासतो. तुम्हीही तपासा: ‘माझा विज्ञानाचा गृहपाठ दुसऱ्या शाळेजवळ चार चाकांच्या जुन्या गाडीत राहिला.’ यात जवळपास सगळे सापळे आहेत. मराठी आवाजात लावा, मग हिंदी आवाजात लावा, आणि दोन्ही वेळा बाबांना शेजारी बसवा. फरक त्यांनी स्वतः ऐकला की आवाज बदलायचा कंटाळा ते करणार नाहीत.

उलट बाजूही सांगतो. बँकेचं हिंदी पत्र मराठी आवाजात लावलं तर ते अगदीच बिघडत नाही, कळतं. म्हणून रोज दोनदा-तीनदा आवाज बदलणं बाबांना जड जात असेल तर देवनागरीसाठी मराठी आवाज कायम ठेवा आणि हिंदी त्यातच ऐका. इंदूरच्या मराठी माणसाचे कान हिंदीला इतके सरावलेले आहेत की उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी अर्थ निसटत नाही.

नातलगांना मात्र एक विनंती करा. पुष्कळ जण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. डोळ्यांनी ते वाचता येतं, पण इंग्रजी आवाज ‘कसा आहेस’ चं जे काही करतो ते ऐकवत नाही. पुण्याच्या मंडळींना सांगा की बाबांना लिहायचं ते देवनागरीत लिहा. फोनवर ते आता सहज जमतं. मुलं आणि सुना ही विनंती मनापासून पाळतात, फक्त कुणीतरी कारण सांगावं लागतं.

मशीन बरळतंय असं वाटायला लावणारी आणखी एक गोष्ट मध्य प्रदेशात फार भेटते. फाइल उघडली तर पडद्यावर छान हिंदी किंवा मराठी दिसतं, आणि आवाज मात्र कुठलीतरी निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वाचतो. लोक समजतात सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. ती फाइल कृतिदेव, श्रीलिपी किंवा तशाच एखाद्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. या फाँटमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच असतात, त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवलेला असतो. डोळे आकार बघतात, म्हणून फसतात. आवाज आतलं अक्षर वाचतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत, देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे, पण आपल्याकडच्या हिंदी टायपिंगमध्ये कृतिदेव इतका मुरलाय की वकिलांचे कागद, सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचे मसुदे अजून त्यात येतात. ओळखायची सोपी खूण: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर जुना फाँट. मग कृतिदेवचं युनिकोड करून देणारं रूपांतर-साधन वापरा, अशी साधनं नेटवर फुकट मिळतात. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार कधीकधी चुकतात, तेवढं तुम्ही एकदा बघून द्या. पाठवणाऱ्याला युनिकोडमध्ये पाठवायला सांगणं त्याहून बरं.

स्कॅन केलेल्या पीडीएफचं दुखणं वेगळं. ते कागदाचं छायाचित्र असतं, त्यात अक्षरं नसतातच, त्यामुळे आवाज गप्प बसतो. ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडली तर चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर तयार होतो, देवनागरीही चांगली ओळखली जाते. खासगी कागदांची सावधगिरी इथेही तीच. घरात आलेलं छापील पत्र असेल तर अँड्रॉइड फोनवर गूगल लेन्सने फोटो घेऊन तिथेच ऐकता येतं. फोनमध्ये गूगलचा मराठी आवाज उतरवून ठेवा, आणि सेटिंग्जमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा. नाव सांगतं तेच ते करतं: बोट ठेवाल तेवढंच वाचतं. बाबांना टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, लावून देऊ नका. त्याने फोन हाताळायची सगळी पद्धत बदलते, आणि आत्ता त्याची गरज नाही.

आता त्या अखंड बोलणाऱ्या स्क्रीन रीडरबद्दल. या प्रकारची सॉफ्टवेअरं वाईट नाहीत, उलट त्यांच्यामुळे किती माणसांना शिक्षण आणि नोकरी मिळाली हे मी बघतो आहे. त्यांतल्या एनव्हीडीएबद्दल मला फार आदर आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ते उभं केलं. दोघंही अंध. काम २००६ मध्ये सुरू झालं, आणि तेव्हापासून आजपर्यंत ते फुकट आहे. कुणीही उतरवून घ्यावं, पेनड्राइव्हवर टाकून कुठल्याही मशीनवर चालवावं. कमी दिसणाऱ्यांसाठी त्यात एक सोय २०२४ च्या पहिल्या आवृत्तीपासून आली, ती अजून पुष्कळ शिकवणाऱ्यांनाही माहीत नाही: मागितल्यावरच बोलण्याची पद्धत. एनव्हीडीएचं बटण, म्हणजे इन्सर्ट, धरून एस दाबत गेलं की बोलण्याच्या पद्धती एकामागून एक येतात, त्यांत ‘ऑन-डिमांड’ अशी एक आहे. ती लावली की माऊस फिरवला, बाण दाबला, तरी ते गप्प राहतं. तुम्ही विचारलं की बोलतं: इन्सर्ट आणि टी दाबलं तर खिडकीचं नाव, इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला तर इथून पुढचा मजकूर. बोलणं तोडायला कंट्रोल. बाबांनी वैतागून बंद केलेल्या लॅपटॉपवर हे इतकं शांत असू शकतं, यावर त्यांचा आधी विश्वास बसणार नाही.

एनव्हीडीएसोबत ईस्पीक नावाचा आवाज येतो. तो मराठीही बोलतो, हिंदीही, गुजरातीही, तेही नेटशिवाय. खरं सांगायचं तर कानाला तो कोरडा, यांत्रिक लागतो, कारण तो माणसाच्या आवाजाच्या तुकड्यांतून बनलेला नाही, गणिताने ध्वनी तयार करतो. पण त्याच कारणामुळे तो अगदी लहान आहे, बटण दाबताक्षणी बोलतो, आणि वेग खूप वाढवला तरी शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. रोज आठ तास संगणकावर काम करणारे अंध लोक अनेकदा मुद्दाम तोच निवडतात. बाबांच्या वयाला आणि कामाला तो आत्ता सोयीचा नाही. पण नेट नसताना खासगी मराठी कागद वाचायला तो घरात असू द्या. एनव्हीडीएमध्ये वेगवेगळ्या मांडण्या नाव देऊन साठवता येतात, एक मराठीची, एक इंग्रजीची. इन्सर्ट आणि कंट्रोल धरून बाण दाबले तर आवाज आणि वेग तिथल्या तिथे बदलतो.

तर क्रम असा ठेवा: आधी एज, मग मॅग्निफायरचं वाचन, आणि या दोन्हींचा हात बसला, अजून गरज वाटली, तरच एनव्हीडीए. तिन्ही एका दिवशी शिकवलीत तर तिन्ही सुटतील. पहिले काही दिवस फक्त एक बातमी, एकच बटणांची जोडी. बाबा बँकेत होते, त्यांना कुठलीही पद्धत एकदा पक्की कळली की ते ती सोडत नाहीत. बटणांच्या जोड्या जाड मार्करने मोठ्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून लॅपटॉपच्या मागे उभ्या करा.

वेगाबद्दल. मशीन जो वेग देतं त्यावरच सुरू करा, मुद्दाम फार हळू करू नका. फार संथ आवाजात वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात निसटते. कान सरावले की बाबा स्वतःच ‘जरा पुढे चल’ म्हणतील, तेव्हा थोडा वाढवा.

आकड्यांच्या बाबतीत मात्र कानावर विसंबू नका. खातं क्रमांक मशीन कधी एकच अवाढव्य संख्या म्हणून वाचतं, कधी सुटे अंक म्हणून. तारखेचा दिवस आणि महिना उलटा होऊ शकतो. रकमेतला दशांश चिन्हाचा ठिपका ऐकताना निसटतो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पटवावं लागणार नाही: मजकूर ऐकायचा, आकडा मात्र मॅग्निफायर मोठा करून डोळ्यांनी बघायचा. चार-सहा अंक बघायला त्यांची नजर पुरेशी आहे.

पडद्याकडेही लक्ष द्या, आवाज आला म्हणून तो दुर्लक्षू नका. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये अक्षराचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, माऊसचा बाण मोठा आणि पिवळा किंवा हिरवा करता येतो, टाइप करतानाच्या उभ्या रेघेला दोन टोकांना रंगीत खूण लावता येते. लॅपटॉपला वेगळा मोठा मॉनिटर जोडा आणि तो टेबलाच्या कडेला ओढा. साठ सेंटीमीटरवरून तीस सेंटीमीटरवर आणला की तेच अक्षर डोळ्यांना दुप्पट मोठं दिसतं, आणि मॅग्निफायरसारखं पानही कापलं जात नाही. त्या अंतराचा चष्मा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून करून घ्यावा लागेल. ‘इतक्या जवळून बघू नका, डोळे जातील’ असं घरात कुणी म्हणत असेल तर ते थांबवा. बाबांच्या आजारात जवळून बघितल्याने काहीही बिघडत नाही. पाठीमागून खिडकीचा उजेड पडद्यावर पडू देऊ नका. काळ्यावर पांढरं अक्षर बरं वाटतं का ते विचारा, काहींना त्यात खूप आराम पडतो, काहींना नाही.

पुस्तकांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबा वाचणारे आहेत म्हणून सांगतो. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाचनयोग्य प्रती बनवायला आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून मुभा आहे, आणि २४ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे त्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत. सभासद व्हायला दृष्टीच्या अडचणीचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कमी दृष्टीची व्याख्या स्वतंत्र दिली आहे: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत, किंवा नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत. बाबा त्यात बसतात का हे डॉक्टरांना विचारा आणि बसत असतील तर दाखला काढून ठेवा. ‘आम्ही काही आंधळे नाही’ म्हणून पुष्कळ मराठी घरांत हा दाखला काढतच नाहीत, आणि हक्काची पुस्तकं दारातून परत जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

राहिला पैशाचा प्रश्न. झूमटेक्स्ट हे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर मोठं करणं आणि वाचणं एकत्र देतं, फ्यूजनमध्ये त्याला जॉज हा स्क्रीन रीडर जोडलेला असतो. नोकरी करणाऱ्या माणसाला, ज्याला दिवसभर दहा प्रकारची सॉफ्टवेअरं हाताळायची आहेत, त्याला मी ती घ्यायला सांगतो, आणि शक्यतो खर्च नोकरीच्या ठिकाणी मागायला सांगतो. बाबांच्या गरजेला ती जास्त आहेत. बघायचंच असेल तर जॉज परवान्याशिवाय चाळीस मिनिटं चालतं, मशीन पुन्हा सुरू केलं की पुन्हा चालतं, तेवढ्यात अंदाज येतो. बाजारात कुणी कुलूप तोडलेली प्रत स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. तशा प्रतीसोबत मशीनमध्ये काय शिरेल याचा भरवसा नसतो, आणि त्याच मशीनवर बाबांची पेन्शन आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर तारेचा, कानावर बसणारा साधा हेडफोन घ्या, आणि त्याआधी बाबांची कानांची तपासणी करा. या वयात उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येऊ लागतात, स आणि श, त आणि थ यांतला फरक पुसट होतो, आणि मग माणूस म्हणतो ‘मशीन नीट बोलत नाही’. वाचनाचं काम आता कानांवर येणार आहे, तेव्हा ते कसे आहेत ते आधी कळायला हवं. उंच पट्टी कमी ऐकू येत असेल तर आरोहीऐवजी मनोहर लावा.